क्षमेचा जमाखर्च

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांसाठी एक वेगळे कपाट असते. गेल्या काही वर्षांत त्या कपाटात दूरचित्रवाणीवरील नामांकित व्यक्तींच्या आत्मकथनांची संख्या नजरेत भरण्याइतकी वाढली आहे. त्यांतील बरीचशी परदेशी, विशेषतः अमेरिकन असतात आणि त्यांचा घाट बहुधा ठरलेला असतो. बालपणीचे दारिद्र्य, अकस्मात लाभलेली कीर्ती, तिच्यापाठोपाठ आलेले पतन, मग एखाद्या एकाकी रात्री केलेली प्रार्थना, आणि शेवटच्या प्रकरणात क्षमा. ही क्षमा तिहेरी असते. देवाने लेखकाला केलेली, लेखकाने जगाला केलेली आणि लेखकाने स्वतःलाच केलेली. मागील सत्रात पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने असे एक पुस्तक परत करताना मला विचारले, "सर, देवाने ह्याला माफ केलं, ह्याने स्वतःला माफ केलं. पण ज्यांचे पैसे बुडाले, त्यांना कुणी विचारलं का?"

प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभणारा होता. त्याचे उत्तर तेव्हा मला नीट देता आले नाही. पुढे सुटीत ते पुस्तक मी वाचून काढले, आणि त्याच्या जोडीला, कित्येक वर्षांनी, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही पुन्हा वाचली. दोन्ही आत्मकथने ख्रिस्ती श्रद्धेची आहेत आणि दोहोंत क्षमेचा प्रश्न मध्यवर्ती आहे. तरीही एक मिटताना मन अस्वस्थ होते, दुसरे मिटताना स्वच्छ होते. असे का व्हावे, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

ते अमेरिकन पुस्तक जिम बेकर यांचे. 'आय वॉज राँग', म्हणजे 'माझे चुकले', या नावाने ते १९९६ साली प्रसिद्ध झाले. बेकर हे १९८०च्या दशकात अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय दूरचित्रवाणी धर्मोपदेशक होते. पत्नी टॅमी फे यांच्यासह ते रोज पडद्यावर येत, गाणी होत, अश्रू येत, आणि देणग्याही येत. दक्षिण कॅरोलिना राज्यात त्यांनी 'हेरिटेज यू. एस. ए.' नावाचे एक विशाल ख्रिस्ती विश्रामस्थळ उभारले. तेथील हॉटेलसाठी त्यांनी एक योजना काढली. एक हजार डॉलर द्यावेत व आजन्म दरवर्षी तीन रात्री विनामूल्य राहावे. खोल्या होत्या मर्यादित, सभासदत्वे मात्र त्यांच्या कितीतरी पट विकली गेली. या मार्गाने जमलेली रक्कम पंधरा कोटी डॉलरांहून अधिक होती. १९८७ च्या मार्चमध्ये एका स्त्रीसंबंधाच्या प्रकरणावरून त्यांना पायउतार व्हावे लागले आणि हिशेबही उघडे पडले. १९८९ साली फसवणूक व कटाच्या आरोपांखाली ते दोषी ठरले व त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी स्वतःच्या धर्मभावनेचा उल्लेख केला, या कारणावरून अपील न्यायालयाने ती रद्द केली. पुढे ती ८ वर्षांवर आली आणि १९९४ साली ते सुटले.

पुस्तक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तुरुंगात बायबल पहिल्यापासून अखेरपर्यंत बारकाईने वाचल्यावर, देव आपल्या भक्तांना धनदौलत देतो ही आपली शिकवण चुकीची होती, हे बेकर यांनी त्यात स्वच्छ कबूल केले आहे. सहाशेहून अधिक पृष्ठे लिहून स्वतःच्या उपजीविकेच्या तत्त्वज्ञानावरच बोळा फिरवणे हे लहान धैर्य नव्हे. परंतु त्या पृष्ठांत ज्या माणसाला मी शोधत होतो, तो मला भेटला नाही. निवृत्तिवेतनातून हजार डॉलर बाजूला काढून ते पाठवणारी एखादी वृद्धा, हॉटेलच्या दारातून 'जागा नाही' म्हणून परतलेले एखादे कुटुंब, ही माणसे तेथे समूह म्हणून येतात, व्यक्ती म्हणून येत नाहीत. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले, त्याच वर्षी जुलै महिन्यात, दीड लाखांहून अधिक देणगीदारांच्या वतीने बेकर यांच्याविरुद्ध दाखल झालेला दिवाणी दावा उत्तर कॅरोलिनातील ज्यूरीने फेटाळून लावला. म्हणजे पश्चात्तापाचे पुस्तक दुकानात आले, आणि धनको रिकाम्या हातांनी घरी गेले.

पुढची हकीगतही बोलकी आहे. २००३ पासून बेकर पुन्हा पडद्यावर आले. या खेपेस ते प्रलयकाळासाठी टिकाऊ धान्याच्या बादल्या विकू लागले. २०२० साली करोनाच्या साथीत चांदीयुक्त द्रावण औषध म्हणून विकल्याबद्दल मिसुरी राज्याने त्यांच्यावर खटला भरला, आणि २०२१ मध्ये तडजोड होऊन दीड लाखांहून अधिक डॉलर ग्राहकांना परत करण्याचे ठरले. पैसे परत करण्याचे काम शेवटी सरकारी वकिलालाच करवून घ्यावे लागले!

येथे एका माणसाची निंदा करण्याचा हेतू नाही. मुद्दा माध्यमाचा आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत जिमी स्वॅगार्ट या दुसऱ्या उपदेशकाने भरल्या सभेत व कॅमेऱ्यापुढे हुंदके देत आपल्या पापाची कबुली दिली. ते दृश्य जगभर पाहिले गेले. मात्र त्यांच्या पंथाच्या वरिष्ठांनी उपदेश करण्यावर घातलेली बंदी पाळण्यास ते तयार झाले नाहीत, आणि त्यांची दीक्षा काढून घेण्यात आली. क्षमा हवी होती, दंड नको होता. दूरचित्रवाणीपुढे कबुली देताना माणूस प्रेक्षकांशी बोलत असतो, आणि प्रेक्षकाचे तर काहीच बुडालेले नसते. ज्याचे काही बुडालेले नाही, त्याला क्षमा करणे फार सोपे जाते. किंबहुना त्यात एक सुखच असते. आपण उदार आहोत असे त्याला वाटते आणि त्यासाठी खिशातून एक पैसाही जात नाही. आत्मकथन म्हणजे हाच व्यवहार पुन्हा एकदा, पण छापील स्वरूपात आणि किंमत आकारून.

याच्या नेमकी उलट पद्धत ख्रिस्ती परंपरेतच आहे. कॅथलिक पंथात पापनिवेदन होते ते एका धर्मगुरूच्या कानाशी, कुजबुजत, आणि ऐकलेला शब्द त्याने मरेपर्यंत कोणास सांगायचा नसतो. शिवाय चोरी वा लबाडी केली असेल, तर शक्य असल्यास ती वस्तू मूळ मालकास परत करणे हे त्या माणसावर बंधनकारक असते. अश्रूंनी ते बंधन सुटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, वेदीपाशी नैवेद्य घेऊन उभा असताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर नैवेद्य तेथेच ठेवावा, आधी भावाकडे जाऊन समेट करावा, मग परत यावे. देवाचे खाते भावाच्या खात्यानंतर. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो तेव्हा तो रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याचे तो उभ्याउभ्या जाहीर करतो.

आणि क्षमेसाठी येशूने वापरलेली भाषाच मुळी सावकारीची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी जो शब्द येतो, त्याचा अर्थ ऋण. त्याच ग्रंथातील निष्ठुर चाकराचा दृष्टान्त मी वर्गात अनेकदा सांगतो. एका चाकराला राजाचे दहा हजार टॅलेंट देणे असते. टॅलेंट हे त्या काळी चांदीच्या वजनाचे परिमाण होते. (दुसऱ्या एका दृष्टान्तामुळे त्याला 'देवदत्त गुण' असा अर्थ चिकटला आणि आज दूरचित्रवाणीवर 'टॅलेंट शो' भरतात, ही भाषेची गंमत.) एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एकूण देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. राजा ते सगळे सोडून देतो. बाहेर पडताच तो चाकर आपल्याला शंभर दीनार देणे असलेल्या दुसऱ्या चाकराचा गळा धरतो. त्याला सुटलेली रक्कम त्याला येणे असलेल्या रकमेच्या सहा लाख पट होती. या दृष्टान्तातील चाकराच्या वर्तनावर सर्व प्रवचनकार बोलतात, पण राजाच्या खतावणीकडे फारसे कोणी पाहत नाही. ते सहा कोटी दिवस कुठे गेले? ते राजाच्या तोट्यात गेले. क्षमा करणाऱ्याने तोटा आपल्या अंगावर घेतला.

मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्या भाषेत 'माफी' हा शब्द अपराधाला लागतो आणि कर्जालाही लागतो. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, २०१९ ची महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची, या तिन्ही आपण पाहिल्या. तिन्ही वेळा शेतकऱ्याच्या सात-बारावरचा बोजा उतरला, तो हवेत विरला नाही. तो सरकारी तिजोरीच्या, म्हणजे अखेर करदात्याच्या, अंगावर आला. बँकांच्या व्यवहारात आणखी एक सूक्ष्म भेद असतो. कर्ज 'निर्लेखित' करणे निराळे आणि 'माफ' करणे निराळे. निर्लेखनात बँक आपला ताळेबंद स्वच्छ करते, पण ऋणकोकडून वसुलीचा हक्क सोडत नाही. पुष्कळ माणसे मनातल्या मनात निर्लेखन करतात आणि त्यालाच क्षमा समजतात. त्यात वावगे काही नाही, फक्त नाव बरोबर घ्यावे. दूरचित्रवाणीच्या आत्मकथनांत मात्र तिसराच प्रकार आढळतो. तेथे ऋणको स्वतःच धनकोची वही उघडतो आणि स्वतःच्या नावापुढे 'जमा' लिहितो.

या पार्श्वभूमीवर 'स्मृतिचित्रे' उघडावे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाले आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. ते इतके की बाजारातून आलेले जिन्नससुद्धा पाण्यातून काढल्यावाचून घरात येत नसत. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक कवी, विद्वान, कोपिष्ट, उदार आणि संसाराच्या दृष्टीने सर्वस्वी बेभरवशाचे. घर सोडून न सांगता निघून जावे, हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या याचकाला देऊन टाकावा, हा त्यांचा नित्याचा क्रम. आणि १८९५ च्या फेब्रुवारीत, पत्नीला विश्वासात न घेता, त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज आपल्याला सहज उमगत नाही. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. १८४३ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला होता. न्यायालयाने त्या अल्पवयीन मुलास वडिलांच्या ताब्यात दिले. तरी त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे, या मताच्या बाळशास्त्री जांभेकरांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. एका अजाण मुलाला क्षमा करण्यास जो समाज राजी नव्हता, त्या समाजात अर्ध्या शतकानंतर लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याची ब्राह्मण बायको म्हणून, पदरी लहान मुलगा घेऊन, नातलगांच्या आश्रयाने उभ्या होत्या. ना सधवा, ना विधवा. जवळजवळ पाच वर्षे हे चालले. त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला.

आता या पाच वर्षांचे येणे टिळकांकडे निघत होते, हे कोण नाकारील? आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या पुस्तकात पैन् पै लिहून ठेवले आहे. त्यांनी काही लपवले नाही, टिळकांना देव्हाऱ्यात बसवले नाही. नवरा किती तापट होता, किती वेळा न सांगता गेला, त्याच्या औदार्याची किंमत घरातल्या बाईला कशी मोजावी लागली, हे सगळे तारीखवार नसेल, पण रकमेसकट आले आहे. तरीही वाचकाला टिळकांचा राग येत नाही. कारण सांगणारीला तो उरलेला नाही. 'मी त्यांना क्षमा केली' अशी घोषणा मला तरी त्या पुस्तकात कुठे आढळली नाही. तिची गरजच पडलेली नाही. हिशेब पूर्ण मांडला आहे, खाली रेघ ओढली आहे, आणि रेघेखाली वसुलीची नोटीस नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात या वाचनात प्रथमच आली, आणि ती मला फार मोलाची वाटते. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. एका घरात राहूनही त्यांचे सोवळे, त्यांचे निराळे खाणेपिणे चालू होते. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, हा उमज त्यांना पुढे पडला, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे क्षमा आधी झाली, ख्रिस्त मागून आला. अमेरिकन आत्मकथनांत क्रम नेमका उलटा असतो. तेथे आधी देव भेटतो, मग त्याच्या सहीने क्षमेचे प्रमाणपत्र मिळते. लक्ष्मीबाईंनी श्रद्धेच्या भांडवलावर क्षमा केली नाही. क्षमा करता करता त्यांना ती श्रद्धा आपली वाटू लागली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ख्रिस्ती वाचकांना हे मत कदाचित रुचणार नाही. पण एका हिंदू बाईच्या पदरची ही पुंजी होती आणि ती घेऊन ती चर्चमध्ये गेली, हे त्या धर्माला काही कमीपणा आणणारे नाही.

'स्मृतिचित्रे' दूरचित्रवाणीवरही आले होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला आणि सुहास जोशी यांनी त्यात लक्ष्मीबाई साकारल्या. म्हणजे दोष पडद्याचा नव्हे. तोच पडदा क्षमेचा बाजारही मांडू शकतो आणि एका शहाण्या बाईचे घरही दाखवू शकतो. फरक एवढाच की लक्ष्मीबाईंची कीर्ती पुस्तकातून आली. कीर्ती आधी आणि पुस्तक मागून, असे झाले नाही. त्यांना जोडाक्षरेसुद्धा नीट लिहिता येत नसत. मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून त्या लिहू लागल्या. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचा भाग प्रसिद्ध व्हायचा होता. टाळ्यांची अपेक्षा धरावी असे त्या लेखनात काही नव्हते.

क्षमा म्हणजे मऊपणा, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नव्हे, हे आपल्याच देशातील एका विधवेने १९९९ साली दाखवले. ओरिसातील मनोहरपूर येथे २२ जानेवारीच्या रात्री ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची १० व ६ वर्षांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळण्यात आली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि ते देशाने दूरचित्रवाणीवर ऐकले. येथे बोलणारी व्यक्ती प्रेक्षक नव्हती, उपदेशकही नव्हती. जिचे सर्वस्व गेले तीच बोलत होती. त्या बोलून थांबल्या नाहीत. बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा त्यांनी पुढे पाच वर्षे चालू ठेवली. त्याच वेळी, आपली क्षमा आणि कायद्याचे काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही त्यांची भूमिका राहिली. खटला चालला, मुख्य आरोपीस झालेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपले येणे त्यांनी सोडले. समाजाचे येणे सोडण्याचा अधिकार त्यांचा नव्हता आणि त्यांनी तो सांगितलाही नाही.

हा भेद आपल्या शहरात तरी आपण नीट समजून घ्यायला हवा. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील कित्येक गावांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोटणारी गर्दी पाहून आमच्यातील काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, "आता जुने किती उगाळायचे? विसरून जावे, क्षमा करावी." सूचना चांगली आहे. पण ती नेहमी एकाच बाजूने येते. ज्यांची घरे जळाली त्यांच्या घरातून ही सूचना आलेली मी अद्याप ऐकली नाही. जे देणे लागतात, त्यांनीच परतफेडीची मुदत संपल्याचे परस्पर जाहीर करावे, हा प्रकार कोणत्याही पतपेढीत चालणार नाही. त्या गावांतल्या कुणा वृद्धेने उद्या म्हटले की माझे काही म्हणणे उरले नाही, तर ते वाक्य ऐकण्यासाठी आपण सर्वांनी उभे राहावे. पण ते तिचे वाक्य आहे. तिच्या वतीने ते आपण उच्चारू नये, आणि तिने ते उच्चारले नाही म्हणून तिला कडवट ठरवू नये. धर्माच्या नावाने तर मुळीच नाही.

डिट्रिख बोन्हॉफर या जर्मन धर्मगुरूने १९३७ साली लिहिलेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' असा शब्द योजला आहे. पश्चात्तापाची किंमत न मोजता वाटली जाणारी क्षमा, असा त्याचा आशय. आठ वर्षांनी, १९४५ च्या एप्रिलमध्ये, हिटलरच्या राजवटीने त्याला फाशी दिले. स्वस्त आणि महाग यांतील फरकावर बोलण्याचा अधिकार त्याला होता. माझा अधिकार फारच तोकडा आहे, पण विषय निघालाच आहे तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. नोकरदारांच्या जगात कोणी जामीन मागितला तर नाही म्हणता येत नाही, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांनी हप्ते थकवले आणि माझ्या पगारातून दरमहा २,४०० रुपये असे २९ हप्ते कापले गेले. एकूण ६९,६०० रुपये. त्या काळात घरात काय काय पुढे ढकलावे लागले, ते येथे सांगत नाही. ते गृहस्थ दुष्ट नव्हते, अडचणीत होते. एकदा एका लग्नात भेटले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, झालं गेलं गंगेला मिळालं." मी हसलो. गंगेला काय मिळाले ते मला माहीत नाही, पतसंस्थेला काय मिळाले ते माहीत आहे. पैशाचा विषय मी मनातून केव्हाच काढून टाकला, असे मला वाटत होते. ते निर्लेखन होते, माफी नव्हती, हे त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळले. त्यांनी नुसते 'तुम्हाला माझ्यामुळे भुर्दंड पडला' एवढे जरी म्हटले असते, तरी उरलेले मी आनंदाने सोडले असते. कदाचित लक्ष्मीबाईंनी त्या वाक्याचीही वाट पाहिली नसती. माझी मजल तेथवर गेलेली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त कुटुंबीयांनी छापलेली आठवणींची पुस्तिका टपालाने आली. सुबक आहे, मुखपृष्ठावर रंगीत छायाचित्र आहे. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिले आहे की आयुष्यात कुणाविषयी कटुता उरलेली नाही आणि सर्वांना आपण मनापासून क्षमा केली आहे. मी ती पुस्तिका पहिल्यापासून वाचली, दोनदा वाचली. २९ हप्त्यांचा उल्लेख कुठे नाही. ती अजून माझ्या टेबलावर आहे, आणि पोच देणारे पत्र लिहायचे राहिले आहे.